जिराफवाला लॅमार्क आणि आजीचा शिंपला

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला तो जिराफ आठवतोय का? झाडाची वरची पानं खाण्यासाठी मान ताणत राहिला, म्हणून पिढ्यान्पिढ्या त्याची मान लांब होत गेली, असं सांगणारा लॅमार्क. त्याच्यासाठी दोन मार्कांचा प्रश्न ठरलेला असायचा. उत्तरात शेवटी लिहायचं की हा सिद्धांत चुकीचा ठरला आणि पुढे डार्विनने बरोबर सांगितलं. आमच्या वर्गात तर लॅमार्क हा विनोदाचाच विषय होता. कुणी बाकावरून वाकून पुढच्याच्या पेपरात डोकावायला लागलं, की मागून कुणीतरी हळूच लॅमार्क, लॅमार्क म्हणायचं. दहावी झाली, नंतर इंजिनिअरिंगला आले आणि बायॉलॉजीशी माझा संबंध संपला. निदान मला तसं वाटत होतं.

माझं आजोळ कृष्णेकाठी आहे. आजीच्या स्वयंपाकघरात एक जुना शिंपला असतो. दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला त्याच्यासारखं हत्यार नाही, असं आजीचं मत. स्टीलचा चमचा पातेल्याला ओरखडे पाडतो, शिंपला पाडत नाही. त्याची कड वापरून वापरून एका बाजूने पार झिजली आहे. गेल्या सुट्टीत आजीने त्याचा जोडीदार, म्हणजे दुसरी बाजू, मला देऊन टाकली आणि मी ती होस्टेलवर आणून पिना ठेवायला टेबलावर ठेवली. रूममेटची बहीण झूलॉजीत एम.एस्सी. करते. ती एकदा आली, तिने शिंपला उलटासुलटा करून पाहिला आणि त्याचं शास्त्रीय नाव एका कागदावर लिहून दिलं: लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस (लॅमार्क, १८१९).

मी कंसातलं नाव दोनदा वाचलं. हा तोच का, जिराफवाला? हो, तोच! आजीच्या स्वयंपाकघरातल्या शिंपल्याला नाव देणारा माणूस आणि आम्ही ज्याच्यावर हसायचो तो माणूस एकच होता. मग सबमिशन बाजूला ठेवून मी त्याच्यावर वाचत बसले, आणि त्यातूनच हा लेख झाला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी बोलते झकास, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. आईने तपासून दिलंय, तरी काही राहिलं असेल तर पोटात घाला. आणि एक, इथून पुढे मी लॅमार्कना अरेतुरे करणार नाही. सगळं वाचून झाल्यावर ते जमेनासं झालं.

लॅमार्क यांचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी भागात बाझांतां नावाच्या गावी झाला. आईवडिलांचं हे अकरावं अपत्य. घराणं सरदारांचं, पण पैशाची चणचण. थोरले भाऊ सैन्यात गेले होते. याला निदान धर्मगुरू तरी करावं म्हणून वडिलांनी आमियां गावच्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत घातलं. (म्हणजे तेही एका अर्थी कॉन्व्हेंटवालेच!) पण मुलाचं मन तिथे रमेना. वडील वारले आणि पोराने शाळा सोडली, एक घोडा विकत घेतला आणि थेट जर्मनीत लढाईवर असलेल्या फ्रेंच सैन्यात जाऊन दाखल झाला.

जुलै १७६१ मध्ये फिलिंगहाउझेनची लढाई झाली. फ्रेंच हरले. लॅमार्क ज्या तुकडीत होते, तिचे सगळे अधिकारी तोफांच्या माऱ्यात मारले गेले. बाकी सैन्य मागे हटलं, पण या मूठभर सैनिकांना हुकूम द्यायचा राहून गेला. सतरा वर्षंही पूर्ण न झालेल्या लॅमार्कनी तुकडीची सूत्रं हातात घेतली आणि मागे फिरण्याचा हुकूम आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असं ठरवून ते तिथेच उभे राहिले. या शौर्याबद्दल त्यांना अधिकारी करण्यात आलं. एकदा उभं राहिलं की हटायचं नाही, हा स्वभाव पुढे आयुष्यभर त्यांच्या कामी आला आणि आयुष्यभर नडलासुद्धा.

लढाईत ओरखडाही आला नाही, पण नंतर छावणीत मस्करीची कुस्करी झाली. एका सोबत्याने गंमत म्हणून त्यांना डोकं धरून उचललं आणि मानेला कायमची इजा झाली. मोठं ऑपरेशन करावं लागलं आणि १७६८ मध्ये सैन्य सुटलं. जिराफाच्या मानेमुळे जगभर बदनाम झालेल्या माणसाचं करिअर स्वतःच्या मानेमुळे बदललं, याला काय म्हणावं!

पेन्शन अगदी तुटपुंजी होती. पॅरिसमध्ये येऊन त्यांनी बँकेत नोकरी केली, मेडिकलचा अभ्यास केला, पण मन लागलं ते वनस्पतींत. सैन्यात असताना मोनॅकोच्या किनाऱ्यावर त्यांची छावणी होती, तेव्हापासूनच हे वेड होतं. बर्नार द ज्युस्यू या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे त्यांनी धडे घेतले आणि १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींवर तीन खंडांचं पुस्तक लिहिलं. या पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली म्हणजे ते लॅटिनमध्ये नव्हतं, फ्रेंचमध्ये होतं. म्हणजे साध्या माणसालाही वाचता येईल असं. दुसरी म्हणजे वनस्पती ओळखण्याची पद्धत. प्रत्येक टप्प्यावर दोनच पर्याय द्यायचे. फूल आहे की नाही? असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे. पुन्हा दोन पर्याय. असं करत करत शेवटी नावाला पोचायचं. कॉम्प्युटरवाल्यांनो, हे तुमचं इफ-एल्सच नाही का? आणि हे १७७८ मध्ये!

पुस्तक गाजलं. त्या काळचे बडे निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी लॅमार्कना हाताशी धरलं. १७७९ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत त्यांची निवड झाली. पुढे पॅरिसच्या राजोद्यानात सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची देखभाल करायची नोकरी मिळाली. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. राजा गेला, राजोद्यानही गेलं आणि जून १७९३ मध्ये त्याच जागी नॅचरल हिस्ट्रीचं राष्ट्रीय म्युझियम उभं राहिलं. बारा प्राध्यापक नेमले गेले. वनस्पती दुसऱ्यांच्या वाट्याला गेल्या. सस्तन प्राणी आणि पक्षी गेले जॉफ्रॉय सँ-हिलेर या फक्त २१ वर्षांच्या तरुणाकडे (माझ्याहून एकच वर्षाने मोठा, आणि प्राध्यापक! असो). उरले किडे, कृमी आणि डोळ्यांना न दिसणारे जीव. ते लॅमार्कच्या गळ्यात पडले. तेव्हा त्यांचं वय ४९ च्या घरात होतं आणि पंचवीस वर्षांचा अनुभव होता तो वनस्पतींचा.

आपल्याकडे पन्नाशीच्या प्राध्यापकांना सिव्हिलमधून उचलून इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला सांगितलं तर काय होईल, विचार करा. पण लॅमार्क कामाला लागले.

काम किती अवघड होतं हे कळायला थोडं मागे जावं लागेल. स्वीडनच्या लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत पक्की केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. फोल्डर आणि त्यातली फाईल असंच समजा ना. त्याने सगळ्या प्राण्यांचे सहा वर्ग केले: सस्तन प्राणी, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. यातला शेवटचा वर्ग म्हणजे घरातला माळा. जे कुठे बसेना ते तिथे टाकलेलं. गांडूळ तिथे, गोगलगाय तिथे, तारामासा तिथे आणि शिंपलेही तिथेच. युरोपच्या नद्यांत मोती देणारा एक शिंपला आहे, त्याला लिनियसने समुद्राच्या वाळूत राहणाऱ्या शिंपल्याच्याच फोल्डरमध्ये ठेवलं होतं. चित्रकार ज्याच्यात रंग कालवायचे तो नदीतला शिंपलाही त्याच फोल्डरमध्ये. पुढे १७८८ मध्ये नदीतल्यांसाठी युनिओ नावाचं वेगळं फोल्डर झालं. लॅटिनमध्ये युनिओ म्हणजे मोठा, एकटा मोती.

लॅमार्कनी हा अख्खा माळा आवरायला घेतला. त्यांचे मित्र ब्रुगिएर हे शंख-शिंपल्यांचे जाणकार होते. ते १७९८ मध्ये वारले आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं कामही लॅमार्ककडे आलं. खेकडे, कोळंबी हे कीटक नव्हेत, त्यांचा वर्ग वेगळा. कोळी आणि विंचू हेही कीटक नव्हेत, त्यांचा वेगळा. गांडूळ आणि जळू यांचा आणखी वेगळा. असं एकेक करत त्यांनी वर्ग पाडले. १८०१ च्या पुस्तकात त्यांनी या सगळ्यांना मिळून पाठीचा कणा नसलेले प्राणी असं नाव दिलं. पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय हे आपण शाळेत घोकलं ना, ते मूळ यांचं. १८०२ मध्ये जीवशास्त्र म्हणजे बायॉलॉजी हा शब्द वापरणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्येही ते होते. म्हणजे ज्या विषयात आम्ही त्यांना नापास केलं, त्या विषयाच्या बारशालाच ते हजर होते!

आता शिंपल्याकडे येऊ, कारण इथे आम्हा मेकॅनिकलवाल्यांना गंमत वाटेल. शिंपला कोणता हे रंगावरून किंवा आकारावरून ठरवलं की माणूस फसतो. एकाच जातीचा शिंपला वाहत्या पाण्यात एक रूप घेतो, गाळाच्या तळ्यात दुसरं. त्यामुळे बिजागरी बघावी लागते. दोन शिंपा जिथे जोडलेल्या असतात तिथे एक लवचीक पट्टी असते. ती स्प्रिंगसारखी शिंपा उघडायला बघते आणि आतले स्नायू त्या ओढून बंद ठेवतात. म्हणून जीव गेला की शिंपला आपोआप उघडतो. बिजागरीच्या आत दात असतात. एका शिंपीचा दात दुसरीच्या खाचेत बसतो, म्हणजे दोन्ही बाजू सरकत नाहीत. अगदी फिट्स अँड टॉलरन्सेस. काही शिंपल्यांना हे दातच नसतात. त्यांची प्रजाती लॅमार्कनी १७९९ मध्ये वेगळी काढली आणि नाव दिलं अ‍ॅनोडोंटा, म्हणजे बिनदाताचा. नदीतल्या या सगळ्या शिंपल्यांचं मिळून त्यांनी एक कुळ केलं आणि त्याला नायड हे नाव दिलं. ग्रीक कथांमध्ये नद्या-झऱ्यांत राहणाऱ्या जलदेवतांना नायड म्हणतात. नदीच्या चिखलात रुतून बसणाऱ्या जिवाला जलदेवतेचं नाव! मला तरी हे फार आवडलं.

या शिंपल्यांनीच त्यांना तो वादग्रस्त विचार दिला. पॅरिसच्या आसपासच्या खडकांत शिंपल्यांचे असंख्य जीवाश्म सापडतात. लॅमार्क ते आजच्या शिंपल्यांशेजारी ठेवून बघत. काही हुबेहूब सारखे, काही थोडे वेगळे, काही बरेच वेगळे. एका जातीची हद्द कुठे संपते आणि दुसरीची कुठे सुरू होते, हे जितके जास्त नमुने बघावेत तितकं अवघड होत जाई. मग जाती कायमच्या ठरलेल्या नसतील, काळानुसार हळूहळू बदलत असतील, असं त्यांना वाटू लागलं. मे १८०० मध्ये त्यांनी हे वर्गात मांडलं आणि १८०९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. त्या शेकडो पानांत जिराफ येतो फक्त एका परिच्छेदात. शरीरात कमावलेला बदल पुढच्या पिढीत उतरतो हे त्यांचं म्हणणं चुकलं, हे खरंच. पण जीवसृष्टी बदलत आली आहे, हे त्यांनी उघडपणे सांगितलं तेव्हा डार्विन जन्मलेलाही नव्हता. तो जन्मला १८०९ मध्ये. पुढे त्याने आपल्या पुस्तकाच्या १८६१ च्या आवृत्तीत लॅमार्कच्या कामाची मोकळेपणाने दखल घेतली.

लॅमार्कनी फक्त एवढंच चुकीचं सांगितलं असंही नाही. लाव्हाझिएच्या नव्या केमिस्ट्रीला ते शेवटपर्यंत विरोध करत राहिले. १८०० ते १८१० दरवर्षी त्यांनी हवामानाच्या अंदाजाचं एक पंचांग काढलं आणि त्यावर लोक हसायचे. एका समारंभात ते नेपोलियनला आपलं पुस्तक भेट द्यायला गेले. नेपोलियनला वाटलं, पुन्हा ते हवामानाचंच पंचांग. सगळ्यांसमोर त्याने त्यांना झापलं. पासष्टीचा, लढाईत न हटलेला तो माणूस तिथेच रडला. दुसरीकडे म्युझियममधलेच सहकारी क्यूव्हिए हे विज्ञानातलं मोठं प्रस्थ होतं, आणि जाती बदलतात हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. त्यामुळे हळूहळू लॅमार्कना कुणी विचारेनासं झालं.

तरी ते त्यांचं काम करत राहिले. अपृष्ठवंशीय प्राण्यांवरचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १८१५ पासून निघू लागला. याच वर्षांमध्ये त्यांचे डोळे अधू होत गेले. १८१८ च्या सुमाराला जवळजवळ दिसेनासं झालं. ज्यांचं सगळं काम बारीक दात, रेषा आणि कडा बघण्याचं, त्यांचेच डोळे गेले. तरुण सहकारी व्हालेन्सिएन मदतीला आले, आणि घरात मुलगी कॉर्नेली होती. वडील सांगायचे, ती लिहून घ्यायची. आमच्या आजीचे डोळे अधू झाले तेव्हापासून ती डाळ-तांदूळ बोटांनीच निवडते. शिंपल्यांवरून बोटं फिरवणारे लॅमार्क माझ्या डोळ्यांपुढे तसेच येतात.

याच ग्रंथाच्या सहाव्या खंडात, १८१९ मध्ये, बंगालमधून आलेल्या एका शिंपल्याची नोंद आहे. नाव युनिओ मार्जिनॅलिस. मार्जिनॅलिस म्हणजे कडेचा, काठाचा. लॅमार्क भारतात कधीच आले नाहीत. पण आपल्या नद्या, तळी, कालवे यांत आढळणाऱ्या शिंपल्याला जगाच्या नोंदवहीत जागा मिळाली ती त्यांच्या हातून. शेवटचा खंड १८२२ मध्ये आला.

त्यानंतरची सात वर्षं अंधारात आणि गरिबीत गेली. त्यांनी तीन बायकांचे मृत्यू पाहिले. मुलांपैकी एकटा ऑगस्त इंजिनिअर होऊन पैशाने बरा निघाला (आपली लाज राखली म्हणायची!). डिसेंबर १८२९ मध्ये, ८५ व्या वर्षी, लॅमार्क गेले. अंत्यसंस्कारालाही घरात पैसे नव्हते. मोंपार्नास कब्रस्तानात पाच वर्षांसाठी भाड्याने घेतलेल्या जागेत त्यांना पुरलं. मुदत संपल्यावर अस्थी हलवल्या गेल्या, आणि कुठे गेल्या ते आज कुणालाच सांगता येत नाही. ज्यांनी हजारो जिवांना नाव आणि जागा दिली, त्यांच्या स्वतःच्या जागेवर नावाची पाटीसुद्धा नाही. कॉर्नेली पुढे त्याच म्युझियममध्ये वाळलेल्या वनस्पती कागदावर चिकटवायचं काम तुटपुंज्या पगारावर करत होती. क्यूव्हिएंनी लिहिलेला मृत्युलेख अकादमीत १८३२ मध्ये वाचला गेला. त्यात स्तुती कमी आणि टोमणे जास्त होते, आणि पुढच्या पिढ्यांच्या मनातला हास्यास्पद लॅमार्क बराचसा तिथूनच आला.

१९०० साली अमेरिकेच्या चार्ल्स सिम्पसन यांनी जगभरच्या नदी-शिंपल्यांची फेरमांडणी केली. भारतातल्या या शिंपल्यांच्या बिजागरीचे दात लांब, पातळ पट्टीसारखे आहेत म्हणून त्यांच्यासाठी लॅमेलिडेन्स ही नवी प्रजाती केली. म्हणजे फोल्डर बदललं, पण फाईलचं नाव तेच ठेवावं लागतं. आणि मूळ नाव देणाऱ्याचं नाव आता कंसात जातं. कंसाचा अर्थ एवढाच: या माणसाने ही जात पहिल्यांदा ओळखली, पण पुढच्या कुणीतरी तिची जागा बदलली. मला ही पद्धत फार न्यायाची वाटली. चूक दुरुस्त करायची, पण माणूस खोडायचा नाही. आमच्या पुस्तकाने नेमकं उलटं केलं, चूक ठेवली आणि माणूस खोडला.

चूक कुणाची होत नाही? नदीच्या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या अंगाला चिकटून वाढतात. त्याआधी ती आईच्या कल्ल्यांतच असतात. तिथे ती बघून राथके नावाच्या शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये तो वेगळाच परजीवी समजून त्याला नावही देऊन टाकलं होतं. ग्लोकिडियम हे ते नाव. ती शिंपल्याची पिल्लंच आहेत हे नंतर कळलं, पण पिल्लांना ग्लोकिडियम अजूनही म्हणतात. चुकीतून आलेला शब्दही विज्ञानाने फेकला नाही, कामाला लावला.

पॅरिसच्या त्या बागेत १९०९ साली लॅमार्क यांचा पुतळा उभारला गेला. त्याच्या मागच्या बाजूला एक शिल्प आहे. आंधळे वडील बसलेत आणि शेजारी उभी राहून कॉर्नेली त्यांना धीर देते आहे. माझ्या मते पुस्तकात जिराफाऐवजी हे चित्र छापायला हवं.

मे महिन्यात आजोळी गेले तेव्हा नदीवर जाऊन आले. पुलाखाली पूर्वी मामा हाताने चाचपून शिंपले काढायचा, तिथे मला नुसत्या रिकाम्या शिंपा मिळाल्या. आजीला मी लॅमार्कची सगळी गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली, लेकीचं काय झालं ते दोनदा विचारलं आणि खरवड काढून झाल्यावर शिंपला नेहमीपेक्षा जरा जपून धुऊन फळीवर ठेवला.

पुढच्या वेळी व्हायवात कुणाचं उत्तर चुकलं तर लॅमार्क म्हणून जरूर चिडवा. फक्त त्या शब्दाचा अर्थ माहीत असू द्या!